साडेचार ते सात

सिरिंज मी डाव्या पायाच्या मोज्यात ठेवायचो. दहा एमएलची, सुई काढलेली. खुर्चीत बसलो की घोट्याला टोचायची.

"हात खाली कशाला घातलायस?" मामा म्हणाला. "खाजवालायस काय?"

"तू मेनूकार्ड बघ."

"मेनूकार्डात काय बघू? अठ्ठावीस वर्षं तेच हाय. आधी चिकन चिली होती, आता चिली चिकन झाली."

मामाचं बोलणं म्हणजे ओरडणं. जॉबर होता तो, म्हणजे यंत्रमागावरचा मिस्त्री. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात बिघाड शोधून शोधून कान गेलेले. त्याने खासगीत काही सांगितलं तरी चार टेबलांना कळायचं. शेजारच्या टेबलावर सायझिंगमधले, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यातले, दोन कामगार बसले होते, ते हसले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की गप बसले.

इचलकरंजीतली परमिट रूम, हॉटेल सोनचाफा. एप्रिलचा बुधवार, दुपारचे पावणेपाच. दाराबाहेर खडूने लिहिलेला बोर्ड : हॅपी अवर्स, साडेचार ते सात, एकावर एक.

मी सतरा वर्षांचा होतो. दहावीत एका सरांच्या हातातली छडी काढून घेऊन त्यांच्यासमोर मोडली, तर शाळेने दाखला हातात दिला. बापाने पट्टा काढला, तर तोही मी हिसकावला. मग आईने मला तिच्या भावाकडे, या मामाकडे, पाठवून दिलं. मामी पहिल्याच दिवशी म्हणाली, "इथं फुकट राहायचं नाही. काम आहे."

काम म्हणजे मामा. त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग जुन्या वहीच्या कागदासारखा पिवळा पडला होता. मामी म्हणाली, "डॉक्टर म्हणतात बंद. हे म्हणतात चार. भांडून भांडून दोनवर आणलंय मी. तू सोबत जायचं. तिसरा मागितला की मला फोन. फोन केला नाहीस तर दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी, बापाकडं."

एकावर एक म्हणजे बरोबर दोन. म्हणून मामा हॅपी अवर्समध्येच प्यायचा. आठवड्यातून तीनदा, दर वेळी वेगळा बार. आणि मला नुसतं समोर बसून लिंबूसोडा पिता येईना, डोकं फिरायचं, म्हणून मी फेसबुकवर पान काढलं. 'इचलकरंजी एकावर एक'. प्रत्येक बारला पाचपैकी ग्लास द्यायचे. माप, बर्फ, चकणा, पंखा आणि मुतारी. मामा सांगायचा, मी लिहायचो, आणि तिखटमीठ माझं. 'शेंगदाणे खवट. मुतारीत दिवा नाही, बहुतेक लाजेखातर.' असलं वाचायला सहा महिन्यांत चार हजार माणसं गोळा झाली. आम्ही आत शिरलो की मालक स्वतः टेबल पुसायला लागले. मला कुणीतरी घाबरतंय हे मला पहिल्यांदाच कळत होतं, आणि ते मला लई आवडत होतं.

माप मी सिरिंजने मोजायचो. साठचा पेग चोपन्न निघाला, की त्या बारची खैर नाही.

सोनचाफा मात्र मामाचा लाडका. तिथे आम्ही दर बुधवारी. आणि तिथलं माप दर वेळी साठ. एक थेंब इकडे ना तिकडे. मामा पाचला पाच ग्लास द्यायला लावायचा.

तरी मला सोनचाफ्याचा संशय होता.

बाकीच्या बारमध्ये दोन पेग झाले की मामाचे कान लाल व्हायचे. माझ्या बापाला शिव्या घालायचा, मग रडायचा, मग मला खांद्याचा आधार द्यावा लागायचा. सोनचाफ्यात दोन पेग पिऊन हा माणूस पेपरातलं शब्दकोडं सोडवायचा! आडवे, उभे, सगळे. आणि स्वतःच्या पायांनी घरी यायचा.

दुसरं, तिथला बारवाला इराण्णा. पंचावन्नचा असेल, वाळलेला, खांद्यावर नॅपकिन. अथणीकडचा. सगळ्या टेबलांवर वेटर पेग नेऊन द्यायचा, पण आमचा पेग इराण्णा काउंटर सोडून स्वतः आणायचा. भरताना आमच्याकडे पाठ करायचा. तिसरं, काउंटरच्या खाली स्टीलचं फुलपात्र असायचं, त्यात गार झालेला कोरा चहा. मी तीन बुधवार बघत होतो. इराण्णा त्यातला घोट कधीच घ्यायचा नाही, पण आम्ही उठेपर्यंत चहा कमी झालेला असायचा.

त्या दिवशी मी ठरवूनच आलो होतो. खिशात काडेपेटी होती.

"घ्या जॉबर," इराण्णाने ग्लास ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझा लिंबूसोडा येतोय. आज पण मोजणार काय?"

"मोजू की. भीती वाटती काय?"

"माझं माप साठ हाय, पोरा."

"बघू कशाचं साठ हाय ते."

तो थबकला. अर्धा सेकंदच. पण मी बघितलं.

मी मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, रेकॉर्डिंग चालू केलं. मोज्यातली सिरिंज काढली, ग्लासातून थोडी ओढली आणि चकण्याच्या चमच्यात सोडली. काडी ओढून चमच्याला लावली. काहीच नाही. दुसरी काडी. चर्र झालं आणि विझली.

"विक्या," मामा म्हणाला. "काय खेळ लावलायस?"

मी उठून शेजारच्या टेबलाकडे गेलो. "दादा, एक चमचा द्या. परत भरून मागवतो तुम्हाला."

"आमच्याच ब्रँडची हाय काय बघ तुमची," त्यातला एक म्हणाला.

"तीच हाय."

त्यांच्या अजून पाणी न घातलेल्या पेगातली चमच्यात घेतली आणि काडी लावली. निळी ज्योत उभी राहिली. त्या अंधाऱ्या खोलीत सगळ्यांना दिसली. सायझिंगवाले दोघं खुर्ची सरकवून उभेच राहिले.

"बघा!" मी ओरडलो. "ह्यांची पेटती, आमची विझवती! अर्धं पाणी हाय ह्यात! आणि रंग जाऊ नये म्हणून कोरा चहा! काउंटरखाली ठेवलाय, या, बघा सगळ्यांनी!"

"विक्या, बस खाली." मामा पहिल्यांदाच हळू बोलला. मला वाटलं, घाबरला.

"का बसू? सहा महिने ह्याला पाच ग्लास दिले आपण! ए अण्णा, इकडं बघ की! सगळ्यांना खरी देतोस आणि माझ्या मामालाच चहा पाजतोस व्हय? बहिरा हाय म्हणून? आजारी हाय म्हणून?"

"जाऊ दे म्हणतोय ना मी," मामा म्हणाला.

"तू गप रे! तुझ्यामुळंच सगळे डोक्यावर बसतात."

मी खुर्चीला लाथ मारली. ती कूलरवर जाऊन आदळली. त्या आवाजाने मालक आतल्या खोलीतून बाहेर आला. राजूशेट. गळ्यात साखळी, तोंडात घास तसाच. त्याने मोबाईल बघितला, चमचे बघितले, मग काउंटरमागे जाऊन फुलपात्र नाकाला लावलं.

"इराण्णा. हे काय?"

इराण्णाने फुलपात्र त्याच्या हातातून घेऊन खाली ठेवलं.

"कुणाकुणाला दिलीस असली?"

"ह्या एकाच टेबलाला."

"का?"

इराण्णाने मामाकडे बघितलं. मामा ग्लासात बघत होता.

"बोल की! उरलेली कुठं जाती? विकतोस बाहेर?"

"मी पितो."

"तू?" राजूशेट हसलाच. "सतरा वर्षं इथं हायस, झाकण हुंगताना बघितलं नाही तुला कुणी. तू पितोस?"

"आता प्यायला लागलोय."

"कुणाच्या सांगण्यावरनं चाललंय हे? एकदाच इचारतो. नाव सांग, तुझी नोकरी राहती."

इराण्णाने खांद्यावरचा नॅपकिन काढला, घडी घातली. खिशातला बाटली उघडायचा ओपनर काढून त्यावर ठेवला.

"कुणाच्या न्हाई. चूक झाली."

"मग चालता हो. आणि गावात दुसरीकडं उभा राहिलास तर मी स्वतः जाऊन सांगीन, हा काय मिसळतो ते."

तो निघाला. माझ्या अगदी जवळून गेला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मामापाशी क्षणभर थांबला, म्हणाला, "जॉबर, येतो." मामाने मान वर केली नाही. मला मामाची इतकी चीड आली, की त्याच्यासमोरचा ग्लास उचलून मी मोरीत ओतला.

राजूशेटने नवा पेग आणून दिला, सील फोडून, समोर भरून. मामाने तो प्यायला. वर त्याच्यावरचा एक. कान लाल झाले. त्या दिवशी शब्दकोडं तसंच राहिलं.

मी बारच्या पायरीवर बसून व्हिडिओ टाकला. 'सोनचाफा. पाचपैकी शून्य. बारवाला नव्हे, चहावाला.' घरी पोचेपर्यंत दोन हजारांनी बघितला होता.

मामी भाकऱ्या थापत होती. मामा बाहेरच्या कट्ट्यावर पाय धूत होता. मी मोबाईल तिच्यासमोर नाचवला. "बघा मामी, आज एक चोर पकडला."

तिने पिठाच्या हाताने मोबाईल घेतला आणि शेवटपर्यंत बघितलं. तव्यावरची भाकरी करपली, तरी हलली नाही.

मग तिने मला थोबाडीत मारली. गालावर पीठ बसलं.

"हात का उचलता?" मी तिचं मनगट धरलं. "बापाचं ऐकलं नाही मी, तुमचं ऐकेन काय?"

"सोड हात. आणि आवाज खाली घे." तिचे दात एकमेकांवर आवळलेले. "मी सांगितलं होतं त्याला."

"काय?"

"मागच्या दिवाळीत. ह्यांचे रिपोर्ट घेऊन त्या काउंटरला गेले होते, भर दुपारी, तोंडाला पदर लावून. बायकामाणसानं जायची जागा आहे ती? गिऱ्हाइकं टकामका बघत होती. गावातल्या सात बारवाल्यांना विचारून झालं होतं माझं. सगळे हसले. एक तर म्हणाला, बस, तू पण घे. तो एकटा माणूस रिपोर्ट वाचून म्हणाला, वहिनी, दोनाचा एक करतो, त्यांना कळू देत नाही. आठवड्यातला एक दिवस तरी माझा."

माझ्या हातातून तिचं मनगट सुटलं.

"मला सांगायचं होतं की मग."

"तुला? तुझ्या तोंडाला झाकण आहे कुठं?" तिने करपलेली भाकरी उचलून कोपऱ्यात टाकली. "ह्यांना कळता कामा नये. कळलं तर हट्टानं चार पितील. आणि कान उघडे ठेवून ऐक, वैद्यकीय भाषेत नाही सांगत. आठवड्यातून सहा पेगांनी हा माणूस दोन वर्षं जगेल असं डॉक्टरनं सांगितलंय. आता बुधवार पण गेला. जा, जेवायला बोलव त्यांना."

मी व्हिडिओ काढून टाकला. तोवर तो दुसऱ्यांच्या फोनात गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इराण्णाच्या खोलीवर गेलो. जवाहरनगरच्या मागे, पत्र्याची खोली. तो ट्रंक बांधत होता. मला बघून हातातली दोरी खाली ठेवली नाही.

"आज काय मोजायला आलास?"

"माफी मागायला आलोय."

"मागितलीस. जा."

"तुम्ही मालकाला खरं का नाही सांगितलं? नोकरी राहिली असती."

"तुझा मामा समोर बसला होता." त्याने दोरीला गाठ मारली. "भर बारमध्ये काय सांगू? जॉबर, तुझी बायको माझ्यापुढं हात जोडून रडली म्हणून? मग त्यानं त्या बाईचं काय केलं असतं? आणि स्वतःचं?"

"मी राजूशेटला जाऊन सांगतो. पानावर लिहितो सगळं."

"लिही! लिही की! सगळ्या गावाला सांग! लिहिण्याशिवाय काय येतं तुला?" तो एकदम माझ्या अंगावर आला. इतका वाळका माणूस, पण मी दोन पावलं मागे सरकलो. "डोळं लई हाईत तुला. ग्लास बघितलास, चहा बघितलास, माझी पाठ बघितलीस. त्या माणसाचं तोंड बघितलंस काय कधी? बुधवारचं तोंड आणि शुक्रवारचं तोंड?"

शिवी देणार होतो, ती आली नाही.

"मला काम मिळंल," तो म्हणाला. "इथं न्हाई तर अथणीत मिळंल. त्याला दुसरं लिव्हर कुठनं आणणार तू?"

त्याने ट्रंक दाराशी ओढली. मी उचलायला वाकलो तर माझा हात झटकला. मी जायला वळलो, तेव्हा मागून म्हणाला, "साखर घालायची न्हाई."

"काय?"

"चहात. साखर घातली की जिभेला चिकटतं, पिणाऱ्याला कळतं. पावडर कमी, उकळी एकच. गार करायचा, फडक्यानं गाळायचा. आणि बर्फ आधी टाकायचा, मग मिसळायचं." एवढं म्हणून त्याने माझ्या तोंडावर पत्र्याचं दार लावलं. मी त्याला परत कधी बघितलं नाही.

शुक्रवार आला. स्टँडमागचा एक बार, नवा. मामा खुशीत बसला, निदान तसं दाखवत होता. "चला, आता सगळीकडं खरं माप. तुझ्या भीतीनं गाव सरळ झालं, विक्या."

माझ्या उजव्या मोज्यात खोकल्याच्या औषधाची बाटली होती. मामीने सकाळीच भरून दिली होती, बिनसाखरेची. डाव्या मोज्यात सिरिंज.

वेटरने पेग ठेवला, बर्फ ठेवला, सोडा ठेवला. मामा ग्लासाकडे बघत बसला. मग उठला.

"मुतारी बघून येतो. मार्क द्यायला पाहिजेत."

मी पाठीमागच्या भिंतीकडे तोंड केलं. बर्फ टाकला. तीन वेळा ओढली, टेबलाखालच्या कुंडीत सोडली, तीन वेळा चहा भरला.

मामा आला. घोट घेतला. जिभेवर फिरवला. माझ्याकडे बघितलं.

"इथं पण मारतात रे माप," तो म्हणाला.

"किती देऊ?"

"दोन दे."

असं पाच वर्षं चाललं. डॉक्टरांनी दिली होती दोन. पानावर गावातल्या एकाही बारला मापाचे मार्क मिळाले नाहीत. मालक शपथा घ्यायचे, बाटल्या नाचवायचे, मला मारायला धावायचे. एकाने खरंच मारलं, हा भुवईवरचा व्रण त्याचाच. मामा त्या पाच वर्षांत एकदाही रडला नाही, त्याने माझ्या बापाला शिव्या दिल्या नाहीत. पेपर मात्र दर वेळी घेऊन यायचा. आणि दर वेळी पेग टेबलावर आला की उठायचा. आधी नाही, नंतर नाही.

ते मला फार उशिरा लक्षात आलं. शेवटच्या वर्षी.

सोनचाफ्यातच बसलो होतो, बुधवारी. राजूशेटने बार दुसऱ्याला विकला होता, काउंटरला नवा पोरगा होता. पेग आला, मामा उठला. तेव्हा तो भिंतीला धरून चालायचा. त्या दिवशी सिरिंजचा दट्ट्या अडकला. ओढतोय, ओढतोय, येईना. चहाची बाटली उघडी, अर्धा ग्लास इकडे, अर्धा तिकडे. मान वर केली, तर मामा मुतारीच्या दारात उभा. सरळ माझ्याकडे बघत.

तीस-बत्तीस वर्षं पिणाऱ्या माणसाच्या जिभेला चहा कळला नसेल, असं आम्ही तिघांनी कसं काय धरलं होतं?

मामा वळला. बेसिनचा नळ सोडला आणि माझ्याकडे पाठ करून हात धुवायला लागला. धुतलेलेच हात. नळ चालूच. मी दट्ट्या दातांनी ओढून काढला, चहा भरला, बाटली मोज्यात कोंबली, टेबल बाहीने पुसलं.

"सोडा आला काय रे?" पाठमोराच ओरडला तो. अख्ख्या बारने ऐकलं.

सोडा केव्हाचा टेबलावर होता. त्यानेच उघडून ठेवला होता.

"आला," मी ओरडलो. "ये."

मग त्याने नळ बंद केला.